रोझेतो ते रोझेतो: सासूबाईंच्या आजीचं गाव

माझ्या सासूबाई पेन्सिल्व्हेनियातल्या रोझेतो नावाच्या लहानशा गावात वाढल्या. त्यांचे आजी-आजोबा, म्हणजे नोन्ना आणि नोन्नो, इटलीतून आलेले. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांच्या गोष्टी ऐकते आहे: नोन्नाचा रविवारचा टोमॅटोचा रस्सा, ऑगस्टमधल्या शेकडो बरण्या, नोन्नोंचं तळघर, तिथली वाइन. पण गोष्ट सुरू व्हायची ती थेट जहाजापासून. त्याआधीचं काही नाही. गाव कसं होतं, मागे कोण राहिलं, हे ना कुणी विचारलं, ना नोन्नानं आपण होऊन सांगितलं.

सासूबाई आता सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत. गेल्या हिवाळ्यात जेवता जेवता म्हणाल्या, "जायचं तर याच वर्षी." मग २०२५ च्या मेअखेरीस आम्ही तिघं निघालो: त्या, माझा नवरा आणि मी.

सोमवार, २६ मे. रोझेतो, पेन्सिल्व्हेनिया

विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, पण सुरुवात इथूनच करायची हा सासूबाईंचा आग्रह. मेमोरियल डेला लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला येतात. आम्हीही लाल जिरेनियमच्या कुंड्या घेऊन गेलो. दफनभूमीत फिरताना दगडांवर तीच ती आडनावं पुन्हा पुन्हा दिसतात. आख्खं गावच्या गाव इथे येऊन वसलं हे तिथे लगेच कळतं.

१८८२ च्या जानेवारीत इटलीच्या रोझेतो वालफोर्तोरे गावातून अकरा जण निघाले, दहा पुरुष आणि एक मुलगा. त्यांना काम मिळालं ते इथल्या बँगर गावाजवळच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत. आपण लहानपणी ज्या पाटीवर अक्षरं गिरवली, त्याच जातीचा हा दगड. मग भाऊ आला, मेहुणा आला, शेजारी आला. टेकडीवर घरं उभी राहिली आणि त्यांनी या जागेला आपल्याच गावाचं नाव दिलं. १९१२ मध्ये इथे स्वतंत्र नगरपालिका झाली. मुख्य रस्त्याचं नाव अजूनही गॅरिबाल्डी अव्हेन्यू आहे.

सासूबाईंचं जुनं घर बाहेरूनच पाहिलं. मागच्या अंगणाच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून त्यांनी अंजिराची हकिगत सांगितली. पेन्सिल्व्हेनियाच्या थंडीत अंजीर टिकत नाही. म्हणून नोव्हेंबर आला की नोन्नो झाडाशेजारी लांब चर खणायचे, एका बाजूची मुळं कुदळीनं तोडायचे, फांद्या दोरीनं आवळायचे आणि झाड हळूहळू वाकवत चरात निजवायचे. वर पाला, फळ्या, जुनं लिनोलियम आणि शेवटी माती. चर बुजेपर्यंत मुलांनी आवाज करायचा नाही. एप्रिलमध्ये माती उकरून झाड पुन्हा उभं. खाणीत दहा तास काम करून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा कुदळ हातात घ्यायचा, आणि हे सगळं चार-पाच टोपल्या अंजिरांसाठी.

सासूबाईंना इटालियन येत नाही, कारण त्यांच्या आईनं ते घरात बंद केलं. डिसेंबर १९४१ मध्ये इटलीशी युद्ध सुरू झालं आणि अमेरिकेचं नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन रातोरात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. १२ ऑक्टोबर १९४२ ला तो शिक्का निघाला, पण घराघरांत बसलेली भीती नाही निघाली. नोन्ना मात्र शेवटपर्यंत गावच्याच बोलीत बोलायची. नातीला शब्द कळायचे, उत्तर इंग्रजीत जायचं.

याच गावात साठच्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. स्ट्युअर्ट वुल्फ आणि त्यांचे सहकारी तपासणीला आले होते. इथले लोक चरबीत तळलेलं खात, सिगारेटी ओढत, खाणीत राबत, आणि तरी पंचावन्नच्या आतल्या पुरुषांत हृदयविकारानं जवळजवळ कुणी दगावत नव्हतं. रक्त द्यायला सगळं गाव रांगेत उभं राहिलेलं सासूबाईंना आठवतं. डॉक्टरांनी कारण शोधलं ते माणसांच्या एकमेकांशी असलेल्या घट्ट नात्यांत, तीन-तीन पिढ्यांच्या एकत्र घरांत. पुढे ही घरं सुटी होत गेली, तसं हृदयविकाराचं प्रमाणही बाकीच्या अमेरिकेसारखं झालं.

बुधवार, २८ मे. नेपल्स

नेपल्सला उतरलो तेव्हा दमट उकाडा होता, थेट मुंबईचा. एकच रात्र होती. संध्याकाळी बंदरावर गेलो. कॅप्रीला जाणाऱ्या बोटींची गर्दी, आइस्क्रीम खाणारी मुलं, मागे व्हेसुव्हियस. १९१३ मध्ये नोन्ना याच बंदरातून एकटी निघाली. वय एकोणीस. नोन्नो सहा वर्षं आधी गेले होते आणि लग्न पत्रानं ठरलं होतं.

माझ्या पिशवीत तिच्या जहाजाच्या प्रवासी यादीची प्रत होती. मुळं शोधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, अधिकाऱ्यांनी नावं बदलली, असं पुष्कळ घरांत सांगतात. ते खरं नाही. याद्या निघण्याच्या बंदरातच तयार व्हायच्या, एलिस आयलंडवर त्या फक्त ताडून बघत. आणि १९०७ नंतरच्या याद्यांत एक रकाना असतो: मायदेशी मागे राहिलेलं जवळचं माणूस कोण. सगळे 'कुठे चालले' तेवढं वाचतात आणि हा रकाना सोडून देतात. नोन्नाच्या नावापुढे तिथे तिच्या वडिलांचं नाव आणि गाव होतं. आमचा शोध तिथून सुरू झाला.

रात्री बंदराजवळच्या गल्लीत साधा मरिनारा पिझ्झा खाल्ला. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, चीज नाही. सासूबाई म्हणाल्या, "नोन्ना शुक्रवारी हाच करायची." पुढचे सगळे दिवस हे वाक्य येत राहिलं.

गुरुवार, २९ मे. फोज्जा आणि लुचेरा

काझेर्ताला गाडी बदलून फोज्जा, रोझेतो वालफोर्तोरेच्या जिल्ह्याचं शहर. तिथे भाड्याच्या मोटारीनं दगा दिला. ऑटोमॅटिक गाडीचे पैसे भरले होते, हातात आली गिअरची. नवऱ्यानं कित्येक वर्षांनी क्लच दाबला. तुम्ही जाणार असाल तर आठवडाभर आधी फोन करून पक्कं करा. आणि जुन्या शहरांच्या वेशीवर लाल वर्तुळाची पाटी दिसली की गाडी आत घालू नका. कॅमेरा असतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो.

फोज्जाभोवती ताव्होलिएरेचं मैदान पसरलंय, नजर जाईल तिथवर गहू. कापणीला आलेला, सोनेरी, आणि मधूनमधून लाल पॉपी. दक्षिण इटलीतली उपासमार ऐकत आलेल्या सासूबाईंना हे बघून रागच आला. "एवढा गहू असताना ही माणसं उपाशी का मेली?" याचं उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. मैदान मोठ्या जमीनदारांचं होतं. डोंगरातली माणसं रोजंदारीवर कापणीला उतरायची. कापणी झाल्यावर जाळलेल्या शेतात जी करपलेली कणसं राहत, ती वेचून त्यांचं पीठ करायची. त्या करपलेल्या गव्हाचा पास्ता आता महागड्या हॉटेलांत मिळतो. लुचेरात रात्री आम्हीही खाल्ला: करडा रंग, धुरकट चव, वर खारवलेलं रिकोटा. चांगला लागतो, पण सासूबाईंनी अर्धा ठेवला.

लुचेरा शहर मला अनपेक्षितपणे आवडलं. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं सिसिलीतल्या मुसलमानांना उचलून इथे आणून वसवलं होतं. १३०० साली ती वस्ती मोडून काढली आणि तिथे कॅथेड्रल उभं राहिलं. किल्ल्याच्या तटावर वारा इतका होता की बोललेलं ऐकू येईना.

शुक्रवार, ३० मे. दफ्तरखान्यात

या जिल्ह्यातल्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी लुचेराच्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत. नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून अशा नोंदी ठेवायला सुरुवात झाली, त्यामुळे शेतमजुराच्या घरचीसुद्धा दोनशे वर्षांची वंशावळ कागदावर सापडते. पुष्कळशी दफ्तरं आता 'आन्तेनाती' या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. घरून तेवढं करून जा. पण मूळ वही हातात घेण्याची गोष्ट वेगळी.

इथे बायकांचं आडनाव लग्नानंतर बदलत नाही. जन्माला येताना जे, मरतानाही तेच. अमेरिकेत आल्यावर ते नवऱ्याचं होतं आणि माग तुटतो. म्हणून आजीचं माहेरचं आडनाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवा.

वाचनालयातल्या बाईंनी वह्या आणून दिल्या आणि कशा उलटायच्या तेही दाखवलं. नोन्नाची जन्मनोंद सापडली, पण साल जुळेना. तिच्या वयापेक्षा तीन वर्षं आधीचं. बाईंनी काही न बोलता मृत्यूची वही उघडली. त्या नावाची मुलगी दीड वर्षाची होऊन गेली होती. पुढच्या मुलीला तेच नाव ठेवलं, ती आमची नोन्ना. अशी पद्धतच होती: पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, पहिल्या मुलीला वडिलांच्या आईचं, आणि मूल गेलं तर ते नाव पुढच्याला. तेव्हा एका नोंदीवर थांबू नका, मृत्यूची वहीही बघा.

मग आणखी पानं उलटली. नोन्नाच्या पाठीवर तीन भावंडं. त्यातली दोन लहानपणीच गेलेली. तिसरी, सर्वांत धाकटी, बहीण. तिच्या नोंदीच्या समासात गावातल्याच लग्नाची तारीख. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "नोन्नाला बहीण होती?" अठराव्या वर्षापर्यंत त्या नोन्नाच्या घरात राहिल्या होत्या.

शनिवार, ३१ मे. रोझेतो वालफोर्तोरे

लुचेरापासून रस्ता वर चढतो. गहू मागे पडतो, मग ओकची झाडं, पिवळ्या फुलांची झुडपं आणि डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांच्या रांगा. गाव सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. खाली फोर्तोरेचं खोरं. मैदानातला उकाडा इथे नाही, संध्याकाळी स्वेटर लागला.

गावभर घडीव दगडाच्या चौकटी आहेत. अगदी साध्या घरालाही दारावर कोरलेली कमान, मध्ये फूल नाहीतर मुखवटा. इथे पाथरवटांची जुनी परंपरा. खाणीत काम करायला ही माणसं का गेली ते इथे उमगतं. दगड त्यांच्या हातातलाच होता. आता गावात हजारभर लोक असतील. पुष्कळ घरांची दारं बंद आहेत आणि पायऱ्यांवर मांजरं.

दुपारी सगळं शांत. एक ते पाच दुकान, देऊळ, कचेरी काहीही उघडं नसतं, त्याप्रमाणे दिवस आखा. पाचनंतर चौकात म्हातारी मंडळी बाकावर येऊन बसली. मुक्कामाच्या घराची मालकीण आम्हाला त्यांच्याकडे घेऊन गेली. आडनाव सांगितलं तर सगळ्यांनी हात हलवले. त्या आडनावाची अर्धं गाव माणसं. "कुठले? कुणापैकी?" इथे प्रत्येक कुळाला एक टोपणनाव असतं, तेच विचारत होते. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे. त्यांनी थोडा वेळ जमिनीकडे बघितलं आणि एक शब्द उच्चारला. नोन्ना रागावली की नोन्नोंना त्या नावानं हाक मारायची, म्हणून त्यांना वाटायचं ती शिवी असावी.

बाकावरचे आजोबा उठून उभे राहिले. दुसऱ्यानं खिशातून फोन काढला. दहा मिनिटांत चढावरून एक बाई ॲप्रन न सोडताच आल्या. सत्तरीच्या, बुटक्या, केस आखूड कापलेले. नोन्नाच्या धाकट्या बहिणीची नात. त्यांनी सासूबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी म्हणाल्या. मालकिणीनं अर्थ सांगितला: "ही तर फोटोतली मुलगी."

रविवार, १ जून. मावशीच्या घरी

नात्यानं त्या नवऱ्याची मावशी लागतात, म्हणून मीही मावशीच म्हणायला लागले. सकाळी मोठ्या चर्चमध्ये प्रार्थना, मग जेवण. जेवण साडेबाराला सुरू झालं आणि साडेचारला संपलं. हातानं बोटांनी ओढलेला पास्ता, कोकराचं मटण, कडवट रानकांदे तेलात मुरवलेले, काचीओकावालो चीज विस्तवाशी धरून वितळवलेलं, शेवटी गावचा मध. मावशीची मुलगी फोज्जात शिक्षिका आहे, तिला इंग्रजी येतं. ती मध्ये बसून दोन्हीकडे भाषांतर करत होती आणि तिला घास घ्यायला सवड मिळत नव्हती.

टेबल आवरल्यावर मावशीनं कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत निळ्या काठाची विमानपत्रं, सालवार दोऱ्यानं बांधलेली. वर फोटो. पहिलाच फोटो सासूबाईंचा: पांढरा झगा, डोक्यावर जाळी, हातात मेणबत्ती, १९५६. पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे कॅथलिक मुलांना चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद मिळतो त्या दिवसाचा. सासूबाईंनी तो उलटला. मागे शाईनं दोन ओळी होत्या, इटालियनमध्ये. त्यांनी लगेच ओळखलं ते अक्षर, त्यांच्या आईचं. नोन्नाला लिहिता येत नव्हतं, पत्रं तिची मुलगी लिहायची. घरात इटालियन बंद करणारी तीच मुलगी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आईची पत्रं इटालियनमध्ये लिहीत होती आणि आपल्या मुलांना त्याचा पत्ता लागू देत नव्हती. सासूबाईंचा अंगठा त्या ओळींवरून कितीतरी वेळ फिरत राहिला.

मग मावशी बोलू लागल्या. बहीण गेली तेव्हा धाकटी पंधरा वर्षांची. "कापणी झाली की तुलाही बोलावते," असं मोठीनं सांगितलं होतं. मग महायुद्ध आलं. मग आई अंथरुणाला खिळली. १९२४ मध्ये अमेरिकेनं दार जवळजवळ लावूनच घेतलं, साऱ्या इटलीला मिळून वर्षाला चार हजारांहून कमी माणसांची मुभा. धाकटी राहिली. आईवडिलांचं तिनं केलं, जमिनीचे दोन तुकडे तिनं कसले. मोठीनं तिकडच्या वकिलातीत सही करून आपला वाटा तिच्या नावावर केला, तो कागदही डब्यात होता. दुसऱ्या युद्धानंतर पेन्सिल्व्हेनियातून गाठोडी यायची: कॉफी, साबण, ब्लाउज कारखान्यातलं उरलेलं कापड. मावशीच्या आईच्या लग्नाचा पोशाख त्याच कापडाचा.

"मग १९६४ नंतर पत्र आलं नाही," मावशी म्हणाल्या. आवाजात तक्रार होती आणि ती त्यांनी लपवली नाही. त्या वर्षी नोन्ना गेली. इकडे कुणी कळवलंच नाही. धाकटी बहीण आणखी दहा वर्षं जगली, आणि पोस्टमन वळणावर दिसला की दारात येऊन उभी राहायची.

सासूबाईंनी माफी मागितली. त्या सोळा वर्षांच्या होत्या, त्यांना पत्ता ठाऊक नव्हता, बहीण आहे हेही ठाऊक नव्हतं, पण त्यांनी यातलं काही पुढे केलं नाही. मी तासगाव सोडून इतकी वर्षं झाली, आईशी रोज बोलते. तरी त्या टेबलावर मला धाकटीच्या बाजूला बसल्यासारखं वाटत होतं. परदेशी गेलेल्यांच्या कष्टांच्या गोष्टी आम्ही सगळे भरभरून सांगतो. घर ज्यांनी धरून ठेवलं त्यांच्या गोष्टी सांगायला तिथे कुणी नसतं.

सोमवार, २ जून. सुट्टी आणि पाव

प्रजासत्ताक दिन, कचेरी बंद. हे आधी बघून ठेवलं होतं, म्हणून मुक्काम मंगळवारपर्यंत होता. सकाळी मावशीबरोबर खालची शेतं बघायला उतरलो. पूर्वी माणसं रोज पहाटे तासभर चालत खाली जायची आणि संध्याकाळी सरपण घेऊन वर चढायची. आम्हाला नुसतं रिकाम्या हातांनी चढताना धाप लागली.

दुपारी मावशीनं पानकोत्तो केला. शिळ्या पावाचे जाड तुकडे, बटाटे, रानातली पालेभाजी, लसूण, वरून ऑलिव्हचं तेल. आमच्याकडची फोडणीची भाकरी, इतकं ते माझ्या ओळखीचं निघालं. सासूबाई पहिल्या घासाला थांबल्या. नोन्ना हेच करायची, रस्त्याकडेची डँडेलियनची पानं खुडून. मंदीच्या काळात अमेरिकेत सुचलेला गरिबीचा पदार्थ असं त्या आयुष्यभर समजत आल्या होत्या. मुलांना त्याची लाज वाटायची आणि शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की पातेलं झाकून ठेवायचं, असा आईचा नियम. त्यांनी तीनदा वाढून घेतलं आणि मावशीला पावाचं प्रमाण विचारून लिहून घेतलं.

मंगळवार, ३ जून. कचेरी, दफनभूमी, परत

नगरपालिकेतले गृहस्थ चटकन कामाला लागले, कारण आम्ही तारखा आणि वडिलांची नावं आधीच इटालियनमध्ये लिहून नेली होती. तुम्हीही असंच करा, आणि सकाळी दहाच्या आत पोहोचा. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, नागरिकत्वासाठी का? २०२५ मध्ये कायदा बदलला आहे. परदेशात जन्मलेल्यांना आता साधारण आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच्याच नात्यावर हक्क सांगता येतो. आम्हाला तसलं काही नको होतं. धाकट्या बहिणीचा मृत्यूचा दाखला तेवढा हवा होता.

दफनभूमी गावाबाहेर, सरूच्या झाडांत. इथे भिंतीत कप्पे असतात आणि प्रत्येकावर चिनी मातीत भाजलेला फोटो. धाकटी काळ्या रुमालात, ओठ मिटलेले. नोन्नाची जिवणी तशीच होती, सासूबाईंची आहे, माझ्या मुलीचीही आहे. सासूबाईंनी घरून आणलेला नोन्नाचा छोटा फोटो चौकटीच्या कडेला खोचला. मावशीनं तो काढून घेतला, पावसात खराब होईल म्हणाल्या, आणि लगेच फोन काढून गावातल्या कारागिराला विचारलं की दोन चेहरे एकत्र भाजून मिळतील का. आठ दिवस लागतील, तो म्हणाला. पैसे कुणी द्यायचे यावरून दोघींत तिथेच वाद झाला, एक इटालियनमध्ये, एक इंग्रजीत. शेवटी निम्मे निम्मे ठरले.

पेन्सिल्व्हेनियाच्या रोझेतोत जुलैत कार्मेल मातेची जत्रा भरते. मावशीची मुलगी शाळेला सुट्टी लागली की येते आहे, डब्यातल्या पत्रांच्या प्रती घेऊन. सासूबाईंनी मागची खोली रंगवायला काढली आहे आणि नवऱ्याला गॅरिबाल्डी अव्हेन्यूवरच्या बेकरीत पावाची चौकशी करायला पाठवलं आहे. पानकोत्तोला मऊ पाव चालत नाही.